तिसऱ्या पोळ्याचं टायर

आमच्या डॉक्टरांना सगळी पंचक्रोशी वेडं म्हणायची. म्हणो बापडी. त्या वेड्या माणसाच्या मागे मी चार वर्षं मोटरसायकलवर बसलो आहे, आणि नंतर शहाण्या माणसांच्या मागेही बसून पाहिलं आहे. तेव्हा वेडं कोण होतं ते मी सांगेन, आणि ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल पुढे वाचू नये.

ते ढोरांचे डॉक्टर, मी त्यांचा कंपाउंडर. दवाखाना सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेलाइनीपासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे जनावर बांधायला लाकडी खोडा आणि अंगणात एक जुनं मोहाचं झाड. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. गोंदिया जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही सगळे भंडाऱ्यातच मोडत होतो. जंगलपट्ट्यात बुळकांडीची साथ यायची आणि गोठेच्या गोठे रिकामे करून जायची. म्हणून खात्यानं आम्हाला लस दिली, आणि लस वेळेत पोचावी म्हणून मोटरसायकल दिली. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, हिरव्या रंगाची, म्हशीसारखी जड. लस बर्फात ठेवावी लागे. बर्फ गोंदियाहून गाडीनं यायचा, तो धानाच्या कोंड्यात पुरून पेटी मागे बांधायची, पेटीच्या पुढे मी, माझ्या पुढे डॉक्टर. बर्फ विरघळायच्या आत टोला, म्हणजे जंगलातली वस्ती, गाठायचा, एवढंच आमचं काम.

आता कुणालाही वाटेल की असा माणूस गाडी हाणत असेल. छे. धावणारी शेळी आमच्या पुढे निघून जायची. सडकेवर नवी गिट्टी टाकलेली दिसली की डॉक्टर गाडी थांबवायचे, मला उतरवायचे, स्वतः उतरायचे आणि तेवढा तुकडा गाडी हातानं ढकलत न्यायचे. एकदा वैशाखाच्या उन्हात मी वैतागून म्हणालो की डॉक्टर, बर्फ पाणी होऊन राहिला. ते वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "बर्फ कोंड्यात आहे. टायर कोंड्यात नाही."

टायर हाच त्यांचा देव. सकाळी चहाच्या आधी ते गाडीपाशी उकिडवे बसायचे. अंगठ्यानं दाबून हवा बघायची, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचा, मग तळहात फिरवायचा. ज्या वाकड्या सुरीनं बैलाचा खूर तासायचे त्याच सुरीनं खाचेतले खडे एकेक करून काढायचे. टायरला ते खूरच म्हणायचे. हवा कमी असेल तर टायर कडेनं झिजतं, जास्त असेल तर मधोमध झिजतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मला झोपेतही म्हणता येई. मागचं टायर पुढच्याच्या दुप्पट झिजतं, म्हणून दर तीन महिन्यांनी ते पुढचं मागे आणि मागचं पुढे करायचे. जुवातले बैल आपण बदलतो, मग हे का नको, असा त्यांचा सवाल. ब्रेक दाबणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. उतार कुठे लागणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, आणि गाडी आपोआप मंदावेल अशा बेतानं ते चालवायचे. पावसाळ्यात म्हणायचे की पाण्यात रबर झिजत नाही, कापलं जातं. मग चिखलातला प्रत्येक दगड त्यांना शत्रू वाटायचा.

दवाखान्यात गाडी मोहाच्या सावलीत उभी असे, आणि सावली काही एका जागी राहत नाही. गाय अडलेली आहे, डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत आहे, गायीचा मालक डोळ्यांत प्राण आणून उभा आहे, आणि डॉक्टर शांतपणे म्हणताहेत, "कंपाउंडर, सावली सरकली." मी जाऊन ती हिरवी म्हैस दोन हात सरकवून परत यायचो. गाय सुटायची. डॉक्टरांच्या हातून गाय दगावलेली मी फारशी पाहिली नाही, हेही इथे सांगून टाकतो. लोक फक्त सावलीचीच गोष्ट सांगतात.

माझं लग्न नवं होतं आणि बायकोच्या हाताला चव होती. एका दिवाळीनंतर डॉक्टर मला काही न सांगता स्टेशनच्या मालधक्क्यावर घेऊन गेले आणि पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. हमाल हसायला लागले. डॉक्टरांनी आकडा वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "तुयी बायको वाढवून राहिली, अन् भोगून राहिला माया मागचा टायर." घरी येऊन त्यांनी हे माझ्या बायकोलाही सांगितलं. तिनं त्यांना अंबाडीच्या भाजीबरोबर दोन भाकरी जास्त वाढल्या आणि विचारलं, आता तुमच्या वजनाचं काय? ते निमूट जेवले. पण परतताना गाडी ढकलत गेले.

झीज वाचणं ही त्यांची विद्या होती. आमगावच्या बाजारात एक जण बैल विकत होता. घरचा गोऱ्हा आहे, धानाच्या बांधीबाहेर, म्हणजे शेताबाहेर, कधी गेला नाही, असं गिऱ्हाइकाला शपथेवर सांगत होता. डॉक्टरांनी बैलाचा पाय उचलला, खुरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले की हा बैल दोन वर्षं सडक अर्जुनीकडच्या मोठ्या सडकेवर गाडी ओढत होता. बांधीतल्या चिखलात खूर असा सपाट होत नाही. विकणारा आधी तावातावानं बोलला, मग बैल सोडून घेऊन गेला. माणूस काही बोलो, झिजलेली वस्तू खोटं बोलत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. याच वाक्यावर पुढे त्यांची नोकरी पणाला लागली.

पण हे वेड लागलं कुठून, ते सांगायला हवं. मी नुकताच रुजू झालो होतो. मुरमटोल्यात बुळकांडी शिरल्याची खबर आली आणि आम्ही लस घेऊन निघालो. तेव्हा डॉक्टर इतरांसारखीच गाडी चालवायचे, म्हणजे जोरात. अर्ध्या जंगलात मागचं टायर फाटलं. आतल्या ट्यूबला ठिगळ लागलं असतं, पण टायरच चिरलेलं, त्याला काय करणार? आम्ही त्यात धानाची तणस कोंबून पाहिली. कोसभर चाललं, मग तणस बाहेर आली. दुपारपर्यंत पेटीतला बर्फ पाणी झाला आणि लस वाया गेली. नवी लस आणि नवी टायरं यायला तीन आठवडे लागले. आम्ही मुरमटोल्यात पोचलो तेव्हा टोचायला बैलच उरले नव्हते. वीस घरांचा टोला. त्या वर्षी तिथे माणसांनी नांगर ओढला. सुकराम नावाचा म्हातारा गोंड शेतकरी आणि त्याचा मुलगा जुवाला खांदा लावून बांधीत उभे होते, सून मागे नांगर धरून होती. डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि कितीतरी वेळ ते खाली उतरलेच नाहीत.

त्या फेरीसाठी टायरांची जी नवी जोडी घातली, तिचीच ही गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी टोल्यात कुठून कुठून बैल आले. आम्ही सगळ्यांना लस टोचली आणि साथ आली तेव्हा शेजारचा गाव बसला, पण मुरमटोला उभा राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सुकरामनं आम्हाला बोलावणं धाडलं. आमच्याकडे त्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोलवटलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळतात, त्याची माफी मागतात, उद्याचं आवतण देतात. सुकरामनं आपल्या बैलाचे खांदे चोळले, मग वाटी घेऊन तो मोटरसायकलपाशी आला. हिनंही ओझं वाहिलं, म्हणाला. पण हिचा खांदा कुठे? त्यानं विचार केला, खाली बसला आणि मोहाच्या बियांचं, टोरीचं घट्ट तेल दोन्ही टायरांना चोळू लागला. प्रेमानं, खाचाखाचांतून.

ज्याला टायरातलं काही कळतं त्याला सांगायला नको की तेल म्हणजे रबराला विष. रबर फुगतं, मऊ पडतं आणि पुढच्या गिट्टीवर सोलून निघतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. सावली चार बोटं सरकली तर मला गाडीकडे धाडणारा हा माणूस हात जोडून उभा होता.

टोल्याबाहेर पहिला नाला लागला तशी त्यांनी गाडी थांबवली. जनावर तपासल्यावर हात धुवायला थैलीत राख आणि रिठे असायचे, ते काढले आणि तासभर ती टायरं घासली. मी म्हणालो, तिथंच सांगायचं होतं ना. ते म्हणाले, "काय सांगू? तुया हातानं वाईट झालं म्हणू? त्यानं मले कधी म्हटलं का?" मग हात धुऊन लॉगबुक मागितलं आणि मला लिहायला लावलं: पहिला पोळा, टायर चालू. पुढच्या वर्षी पुन्हा तेच तेल, तीच राख, आणि दुसरा पोळा, टायर चालू.

आता खात्याकडे येतो. खात्यात रिवाज होता की मोटरसायकलला वर्षाला एक जोडी लागते. प्रत्येक दवाखाना दरवर्षी मागणी करायचा आणि दरवर्षी जोडी यायची. त्यातली किती खरोखर चाकावर चढायची आणि किती आठ दिवसांत बाजार बघायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी दोन वर्षं मागणीच केली नाही. लॉगबुकात मैल मात्र सगळ्यांहून जास्त. कुणीतरी वर दोन कागद शेजारी ठेवले आणि हिशोब लावला: टायर झिजत नाही, म्हणजे गाडी फिरत नाही. म्हणजे फिरती खोटी, आणि लस टोचल्याची नोंदही खोटी.

तिसऱ्या पोळ्याच्या तोंडावर जीप घेऊन जिल्ह्याचे साहेब आले. बरोबर कचेरीचे बडे बाबू. माणसं वाईट नव्हती, एवढं कबूल करतो. साहेबांनी सरळ सांगितलं की नोंदी खोट्या ठरल्या तर नोकरी जाईल, आणि चाळीस गावांची लसही रद्द धरावी लागेल. बडे बाबूंनी डॉक्टरांना मोहाखाली बाजूला घेऊन उपाय सांगितला. काही कठीण नाही, म्हणाले. मागच्या तारखेची मागणी लिहून द्या, टायरं आली आणि संपली असं मी दाखवतो, सगळं जुळतं. डॉक्टर परत पडवीत आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "मी कायले लिहू? टायर तं हे उभं आहे. उद्या मुरमटोल्याले जाचं आहे. साहेब, तुमी माया मागं बसा."

जीप तिकडे जात नव्हती. साहेबांना राग आला असावा, पण ते तयार झाले, हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं. सकाळी साहेब गाडीवर आणि मी बायकोच्या भावाच्या सायकलवर. साहेबांना गिट्टीवर चार वेळा उतरवलं. पाचव्यांदा त्यांनी नाही म्हटलं, तर डॉक्टर गाडी बंद करून उभे राहिले. साहेब उतरले. वाटेत एका नाल्यात पाणी गुडघ्याएवढं होतं. साहेबांनी बूट गळ्यात अडकवले आणि गाडीला मागून खांदा लावला. माझी सायकल सगळ्यांच्या आधी पलीकडे होती. तो दिवस आठवला की आजही मला बरं वाटतं.

दुपारी मुरमटोल्यात पोचलो. पोरंटोरं धावत आली ती गाडीच्या आवाजानं, साहेबांकडे कुणी बघितलंही नाही. बायकांनी अंगणात गाडीसाठी जागा सारवून ठेवली होती, अगदी आंब्याच्या सावलीत. सुकराम वाटी घेऊन आला, बैलाचे खांदे झाले आणि मग तो टायरांपाशी बसला. साहेबांनी मला हळूच विचारलं, हे दरवर्षी होतं? मी म्हटलं, हे तिसरं. त्यांनी सुकरामला विचारलं की डॉक्टर वर्षातून किती वेळा येतात. म्हाताऱ्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "आमी मोजत नाही साब. नाही आला, त मोजलं असतं."

परतीच्या वाटेवर नाल्याशी राख निघाली. साहेब दगडावर बसून बघत राहिले. डॉक्टरांनी टायरं घासली, धुतली, अंगठ्यानं दाबली आणि मला म्हणाले, लिही. तिसरा पोळा, टायर चालू. मी लिहिलं.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "तुमचं खरं आहे. माझी खात्री पटली."

मला वाटलं, जिंकलो. पण साहेब थांबले नव्हते. ते समजुतीच्या आवाजात बोलत राहिले. हे खरं मी वर पाठवलं तर पहिला प्रश्न येईल की बाकीच्या दवाखान्यांची टायरं कुठे जातात. जिल्हाभर चौकशी लागेल, बाल-बच्चेवाले वीस जण अडकतील. त्यापेक्षा तुम्ही मैल तेवढे कमी करा. निम्मे लिहा, सही करा, प्रकरण इथेच मिटेल. तुमची नोकरी राहील, दवाखाना राहील, गाडीही राहील.

डॉक्टर हाताची राख झाडत उभे राहिले. मोठ्यानं बोलले नाहीत.

"मैल अर्धे लिहू, त गावं बी अर्धी लिहा लागतीन. कोनत्या गावाचे बैल खोटे लिहू, ते तुमी सांगा साहेब. याचे लिहू?" त्यांनी टोल्याकडे हात केला. "याचे मी एकदा मारले. आता कागदावर नाही मारत."

परतीच्या वाटेवर गिट्टीच्या प्रत्येक तुकड्यावर साहेब न सांगता उतरले.

कारवाई झाली नाही. फिरती खोटी ठरली नाही, चाळीस गावांची लस कायम राहिली. पण महिन्याभरात बदलीचा कागद आला. डॉक्टरांना गोंदियाला चाऱ्याच्या डेपोवर घातलं. बसून करायचं काम, वाहन नाही. गवताच्या गंज्या मोजायच्या. मी संतापलो, लोकांच्या सह्या गोळा करतो म्हणालो. त्यांनी मला गप्प केलं आणि ताबा द्यायच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं: टायर दोन, तीन पोळे चाललेले, अजून दोन चालतील, सावलीत ठेवावे.

दोन पोळे कसले. नवे डॉक्टर शहाणे होते. जोरात जायचे, गचकन थांबायचे, गाडी उन्हात सोडायचे आणि हवा कधी बघायचे नाहीत. मी दोनदा सांगितलं, तेव्हा म्हणाले, कंपाउंडर, टायर काय तुमच्या घरचं आहे? उन्हाळा संपायच्या आत ती जोडी संपली. मागणी गेली, नवी जोडी आली, खात्याचा जीव भांड्यात पडला. जुनी टायरं दवाखान्यामागे फेकली होती. मी त्यातलं बरं होतं ते उचललं, मोच्याकडून एक चपलांचा जोड करून घेतला आणि गोंदियाला पाठवून दिला. चिठ्ठी काही लिहिली नाही. काय लिहायचं होतं?

पोळ्याच्या आधी पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं येतो, स्टेशनवर ये.

ते उतरले तेव्हा पायात त्या चपला होत्या. मी विचारलं, जायचं कशानं? ते चालू लागले. मीही सवयीनं थैली खांद्याला लावली होती. राख आणि रिठे त्यात का भरले ते मला सांगता येणार नाही. चिखलातून, नाल्यातून आम्ही चालत गेलो. नवी गिट्टी लागली की ते कडेच्या गवतातून चालायचे आणि मलाही तिकडेच ओढायचे.

टोल्यात सुकरामनं गाडी शोधली. आमच्या मागे वाकून पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग त्याची नजर डॉक्टरांच्या पायांकडे गेली. चपलेच्या कडेला टायरची नक्षी अजून होती, त्यानंच तीन वर्षं बोटांनी चोळलेली. त्यानं ओळखली. म्हातारा खाली बसला, डॉक्टरांचा पाय मांडीवर घेतला आणि पायाला अन् चपलेला, दोन्हींना तेल चोळू लागला. डॉक्टर पाय मागे घेऊ लागले, तर त्यानं घट्ट धरला. "ओझं तूच वाहून राहिला ना," एवढंच म्हणाला. डॉक्टर रडले. मी पाहिलं आहे, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

परतताना तोच नाला लागला. मला वाटलं, आता कशाला? ना गाडी, ना लस, ना खातं. पण डॉक्टर दगडावर बसले, चपला काढल्या आणि थैलीसाठी हात पुढे केला. राख घेतली, रिठे घेतले, आणि तासभर, खाचाखाचांतून, पूर्वीइतक्याच मन लावून त्या चपला घासल्या. धुतल्या. अंगठ्यानं दाबल्या. वाकड्या सुरीनं एक खडा काढून फेकला.

"चौथा पोळा," ते म्हणाले. "लिही."

तेव्हा माझ्याकडे लॉगबुक नव्हतं. ते दवाखान्यात होतं, आणि त्यात लिहायचा अधिकार शहाण्या माणसाचा होता. म्हणून आज इथे लिहितो, आणि खाली सहीही करायला तयार आहे: चौथा पोळा, टायर चालू.